पत्ता बदलतो, मग पानावरची खूण कुठे जाते?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेडणे तालुक्यातील एका स्नेह्यांना गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक दुवा आला. सोबत एवढाच मजकूर होता: ‘आपल्या गावचे सर्व्हे क्रमांक यात आहेत, हरकत घ्यायची असेल तर मुदत थोडी आहे.’ दुवा उघडताच आधी ‘हे संकेतस्थळ नव्या पत्त्यावर गेले आहे, पाच सेकंदांत आपणास तेथे नेले जाईल’ अशी पाटी दिसली आणि नंतर एक लांबलचक यादी उघडली. यादीचा आरंभ तिसवाडीपासून होता. स्नेह्यांनी बोटाने दोन-चार वेळा पान वर सरकवले, पण आपल्या गावाचे नाव काही दिसेना. चुकून भलतेच काहीतरी पाठवले गेले असावे असे समजून त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. हरकतीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना देवळाच्या पायऱ्यांवर सहज बोलणे निघाले तेव्हा कळले, की यादी तीच होती आणि गावाचे नावही तिच्यात होते. फक्त ते बरेच खाली होते.

दुवा पाठवणाऱ्याची चूक नव्हती. त्याने तो नेमका पेडण्याच्या मथळ्यापाशी उघडेल अशाच रीतीने उतरवून घेतला होता. त्या पत्त्याच्या शेवटी # हे चिन्ह होते आणि त्यापुढे तालुक्याचे नाव होते. दुवा जुना होता, संकेतस्थळाने पत्ता बदलला होता आणि जुन्यावरून नव्याकडे जाताना हॅशपुढचे ते नाव वाटेत गळून पडले. ते का गळले हे सांगायचे तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणे होते, आणि काय होत नाही, हे पाहावे लागते.

विषय तांत्रिक आहे खरा, पण आपल्याकडे तो केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. २०२२ साली पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा जाहीर झाला आणि तीव्र विरोधानंतर तो मागे घेण्यात आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिचोलीच्या पहिल्या खाणपट्ट्याच्या पर्यावरण दाखल्यासाठी जनसुनावणी झाली. बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव अशा गावांचा तिच्याशी थेट संबंध होता. पर्यावरणीय परिणामांचे अहवाल शेकडो पानांचे असतात आणि २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी लोकांना मत मांडण्यासाठी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. तीस दिवसांत शेकडो पाने कोणी वाचत नाही. कोणीतरी एक जण वाचतो, आपल्या वाड्याचा किंवा विहिरींचा उल्लेख शोधतो आणि तेवढ्याच जागेचा दुवा इतरांना धाडतो. अशा वेळी दुवा पहिल्या पानावर उघडतो की नेमक्या जागी, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

वेबवरील पत्त्याचे, म्हणजे यूआरएलचे, अनेक भाग असतात. संकेतस्थळाचे नाव, त्यातील पानाचा मार्ग, कधी प्रश्नचिन्हापुढची माहिती आणि सर्वांत शेवटी हॅश व त्यापुढचा मजकूर. या शेवटच्या भागाला तांत्रिक भाषेत ‘फ्रॅगमेंट’ म्हणतात आणि पानातील ज्या ठिकाणाकडे तो बोट दाखवतो त्याला ‘अँकर’. अँकर म्हणजे नांगर. शापोरा नदीत होडी नांगरून ठेवावी तशी पानातील एक जागा नावाने बांधून ठेवायची, ही त्यामागील कल्पना. आपण त्याला सोयीसाठी ‘खूण’ म्हणू.

या खुणेचे एक वैशिष्ट्य आहे, आणि या लेखातील बाकी सगळे त्यातूनच निघते. ब्राउझर ती सर्व्हरला कळवतच नाही. एका काल्पनिक पत्त्याचे उदाहरण घेऊ: ‘नकाशे.भारत/तालुके#पेडणे’. हा पत्ता आपण उघडला की ब्राउझर ‘नकाशे.भारत’ नावाच्या सर्व्हरकडे जातो आणि फक्त ‘तालुके’ हे पान मागतो. ‘पेडणे’ हा शब्द तो आपल्याजवळ राखून ठेवतो. पान हाती आले की त्यात ‘पेडणे’ नावाची खूण शोधतो आणि तेथे पान सरकवतो. पुढे कोण कुठून आले याची जी नोंद सर्व्हरवर राहते तिच्यातही खूण नसते. शेजाऱ्याने ‘तालुके#डिचोली’ उघडले तरी सर्व्हरच्या दृष्टीने दोघांची मागणी अक्षरशः एकच असते.

आता सर्व्हरने सांगितले की हे पान येथे नाही, नव्या पत्त्यावर जा, तर काय होते? याला पुनर्निर्देशन म्हणतात. सर्व्हर ३०१, ३०२, ३०७ किंवा ३०८ असा एखादा क्रमांक आणि सोबत नवा पत्ता पाठवतो. ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो. हा प्रवास इतका वेगाने होतो की बहुधा आपल्या लक्षातही येत नाही.

मामलेदार कचेरीत गेलेल्या माणसाची कल्पना करा. त्याच्या खिशात चिठ्ठी आहे आणि तिच्यावर आपला सर्व्हे क्रमांक आहे. दारातील शिपायाला तो फक्त विभागाचे नाव विचारतो, चिठ्ठी दाखवत नाही. शिपाई म्हणतो, ‘तो विभाग आता पलीकडच्या इमारतीत गेला.’ माणूस पलीकडे जातो, तेथे नोंदवही समोर येते आणि मग तो खिशातली चिठ्ठी काढून आपला क्रमांक शोधतो. चिठ्ठी शिपायाला दिसली नव्हती म्हणून ती हरवली, असे होत नाही. मात्र शिपायाने ‘पलीकडच्या इमारतीत, चौथ्या खिडकीवर जा’ असे नेमके सांगितले असेल, तर माणूस त्या खिडकीवर जातो. चिठ्ठी खिशातच राहते.

ब्राउझरचा नियम हाच आहे. सर्व्हरने दिलेल्या नव्या पत्त्याला स्वतःची खूण नसेल तर ब्राउझर मूळ पत्त्यातील खूण त्याला जोडतो. नव्या पत्त्याला स्वतःची खूण असेल तर ती ग्राह्य धरली जाते आणि मूळची सोडून दिली जाते. पुनर्निर्देशने एकामागून एक तीन-चार झाली, उदाहरणार्थ आधी साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर, मग नव्या नावाकडे, मग नव्या मार्गाकडे, तरी प्रत्येक पायरीवर हाच नियम लागतो. मधल्या एखाद्या पायरीने आपली खूण लावली तर पुढे तीच चालत जाते.

हे आज सरळ वाटते. प्रारंभी ते तसे ठरलेले नव्हते. १९९९ च्या जूनमधील एचटीटीपी १.१ च्या मानकात, म्हणजे आरएफसी २६१६ मध्ये, पुनर्निर्देशनाच्या पत्त्याला खूण असू शकते ही सोयच धरलेली नव्हती आणि मूळ खुणेचे काय करावे याबद्दल मौन होते. सीएसएस या मांडणीच्या भाषेचे एक जनक बर्ट बॉस यांनी त्याच वर्षी या प्रश्नावर एक मसुदा लिहिला, पण त्याचे मानकात रूपांतर झाले नाही. परिणामी ब्राउझर बनवणारे आपापल्या समजुतीप्रमाणे वागू लागले. फायरफॉक्स आणि क्रोम खूण पुढे नेत. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र नवव्या आवृत्तीपर्यंत ती टाकून देई आणि दहाव्या आवृत्तीपासून नेऊ लागला. कचेऱ्यांतील संगणकांवर त्या काळी बहुधा एक्सप्लोररच असे, त्यामुळे ‘माझ्याकडे बरोबर उघडते, साहेबांकडे नाही’ ही तक्रार ज्यांनी ऐकली असेल त्यांना तिचे एक कारण येथे सापडेल. अखेर २०१४ च्या जूनमध्ये आरएफसी ७२३१ ने नियम स्पष्ट शब्दांत घालून दिला आणि २०२२ च्या आरएफसी ९११० ने तो कायम ठेवला. सर्वांनी आधीच अंगीकारलेल्या वागण्यावर मानकाने पंधरा वर्षांनी शिक्का मारला, असे म्हणायला हरकत नाही.

मग आमच्या स्नेह्यांची खूण का हरवली? कारण ते पुनर्निर्देशन सर्व्हरने केलेलेच नव्हते. ‘पाच सेकंदांत नेले जाईल’ ही पाटी म्हणजे एक संपूर्ण पान. ब्राउझरच्या लेखी तो पानापर्यंत पोहोचला, काम झाले. त्या पानाच्या आत दडवलेली सूचना पाच सेकंदांनी नवा पत्ता उघडायला सांगते तेव्हा तो नवा, स्वतंत्र प्रवास असतो आणि जुनी खूण त्याला आपोआप चिकटत नाही. पानातील जावास्क्रिप्टने पत्ता बदलला तरी तेच. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने खूण स्वतः उचलून जोडली तरच ती पुढे जाते. अशी पाटी लावण्यामागे हेतू चांगला असतो, लोकांना नवा पत्ता कळावा हा. पण शिपायाऐवजी फलक लावला आणि फलक वाचणाऱ्याच्या खिशातील चिठ्ठी काढून घेतली, असा तो प्रकार होतो. माझ्या मते सरकारी संकेतस्थळांनी ही पाटी लावूच नये. सर्व्हरवरील दोन ओळींचे ३०१ त्यापेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक विश्वासू आहे.

तथापि ३०१ लावले म्हणजे सर्व सुरळीत झाले, असेही नाही. समजा, जुन्या संकेतस्थळावर बाराही तालुक्यांची माहिती एकाच लांब पानावर होती आणि प्रत्येक तालुक्याला एक खूण होती. नव्या रचनेत प्रत्येक तालुक्याचे वेगळे पान केले. आता जुना ‘तालुके#पेडणे’ हा दुवा पेडण्याच्या पानाकडे आणि ‘तालुके#डिचोली’ हा डिचोलीच्या पानाकडे वळवायचा आहे. सर्व्हरला हे करताच येत नाही. त्याच्याकडे दोन्ही वेळा ‘तालुके’ एवढीच मागणी येते. पेडणेकर कोण आणि डिचोलीकर कोण हे त्याला ओळखता येत नाही. तो दोघांनाही एकाच पानाकडे पाठवणार. तेथे पोहोचल्यावर ब्राउझर इमानाने ‘पेडणे’ ही खूण जोडतो, शोधतो, आणि ती त्या पानात नसल्याने काहीच न बोलता पान वरच्या टोकाला उघडून थांबतो. पान सापडले नाही तर ४०४ चा संदेश तरी येतो. खूण सापडली नाही तर वाचकाला कोणताही इशारा मिळत नाही, आणि सर्व्हरच्या नोंदीतही त्याचा मागमूस उरत नाही. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला तक्रार आल्यावाचून हे कळणेच अशक्य.

यावर उपाय आहे, पण तो जुन्या पानावरच करावा लागतो. ‘तालुके’ हे पान मोडीत न काढता तेथे एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची. ती ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे तिला खूण दिसते. ‘पेडणे’ दिसले तर इकडे, ‘डिचोली’ दिसले तर तिकडे, असा तक्ता तिच्यात असतो. वर ज्या जावास्क्रिप्टला दोष दिला तीच येथे उपयोगी पडते, फरक एवढाच की येथे ती चिठ्ठी वाचून वाट दाखवते. आणि स्क्रिप्ट चालत नसेल त्यांच्यासाठी त्याच पानावर बारा साध्या दुव्यांची यादी असावी.

मराठी वाचकांसाठी याला आणखी एक पदर आहे. देवनागरी खूण प्रवासात रोमन चिन्हांच्या वेषात जाते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरांनी लिहिला जातो. मात्रा व वेलांट्या वेगळ्या मोजल्या तर ‘पेडणे’ या शब्दात पाच घटक आहेत, म्हणजे पत्त्यात ४५ चिन्हे, ‘डिचोली’ची ५४. असा लांबलचक दुवा मध्येच तुटला किंवा अर्धाच उतरवला गेला तर खूण ओळखू येत नाही. त्याहून फसवी अडचण ‘शेतकऱ्यांसाठी’ यासारख्या शब्दात आहे. त्यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ब्राउझर मात्र दिसण्यावर जात नाही, घटकाला घटक जुळवून पाहतो. जुन्या पानात एका रीतीने आणि नव्या पानात दुसऱ्या कळफलकावरून टंकलेली खूण असेल, तर पुनर्निर्देशन निर्दोष असूनही ती जुळत नाही. दीर्घकाळ टिकवायच्या खुणांना नावाऐवजी क्रमांक द्यावेत असे मला वाटते. सर्व्हे क्रमांकांची सवय आपल्याला आहेच.

मराठी विकिपीडियाच्या वाचकांनी याचा एक नमुना पाहिलेला असेल. तेथील विभागांच्या खुणा पूर्वी टिंबे व रोमन अक्षरे यांच्या मिश्रणात लिहिल्या जात. २०१७ पासून त्या सरळ देवनागरीत येऊ लागल्या. जुन्या पद्धतीच्या खुणाही तेव्हा पानांत राखून ठेवल्या गेल्या, म्हणून आधी जतन केलेले दुवे निकामी झाले नाहीत. स्थलांतर कसे करावे याचे हे चांगले उदाहरण होय.

राजपत्राच्या वाचकांसाठी पीडीएफचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. गोव्यात शासकीय राजपत्राची परंपरा पोर्तुगीज काळातील १८३७ च्या ‘बोलेतीं’पर्यंत मागे जाते, आणि अंक व पृष्ठ सांगणे हीच तेव्हापासूनची खूण. आज पीडीएफच्या पत्त्यापुढे हॅश देऊन रोमन लिपीत ‘पेज=३१’ असे लिहिले तर संगणकावरील ब्राउझर ती फाइल एकतिसाव्या पानावर उघडतात; ही सोय २००४ च्या आरएफसी ३७७८ मध्ये नोंदलेली आहे. तीही हॅशपुढचीच खूण असल्याने पुनर्निर्देशनाचा तोच नियम तिला लागू आहे. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. हा ३१ म्हणजे फाइलमधील एकतिसावे पान. राजपत्राच्या मालिकेचे छापील पृष्ठांक अंकागणिक पुढे चालू राहतात, त्यामुळे दोन्ही क्रमांक सहसा जुळत नाहीत. दुसरे, अनेक मोबाईल पीडीएफ आधी उतरवून घेतात आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडतात. त्या हस्तांतरात खूण मागे राहते आणि फाइल पहिल्या पानावर उघडते. गावात बहुतेक लोक दुवे मोबाईलवरच पाहतात, हे पाठवणाऱ्याने विसरू नये.

खूण सर्व्हरला कळत नाही, या गोष्टीचा लाभ पुष्कळांनी गुपिते वाहून नेण्यासाठी करून घेतला. एका संकेतस्थळाच्या ओळखीवर दुसऱ्यात प्रवेश देणाऱ्या ओऑथ पद्धतीच्या एका प्रकारात प्रवेशाची किल्लीच हॅशपुढे ठेवली जाई. पण पुनर्निर्देशनात खूण पुढच्या पत्त्याला, अगदी परक्या संकेतस्थळालाही, चिकटते हे ध्यानात घेतले की धोका उघड होतो: मधल्या एखाद्या ढिल्या सर्व्हरने वाचकाला भलतीकडे वळवले तर किल्लीही त्याच्यासोबत तेथे पोहोचते आणि तेथील स्क्रिप्टला ती वाचता येते. म्हणून तो प्रकार आता वापरू नये असाच सल्ला दिला जातो. फेसबुकच्या ओळखीने कुठे प्रवेश केल्यावर पत्त्याच्या शेवटी #_=_ असे चमत्कारिक शेपूट काहींनी पाहिले असेल. नव्या पत्त्याला स्वतःचे असे निरर्थक का होईना शेपूट असले की आधीची खूण त्याला जोडली जात नाही.

प्रवेशाच्या पानांचा उलट त्रासही आहे. नोंदणी करून वापरायच्या संकेतस्थळावर आपले सत्र संपलेले असताना खुणेसह दुवा उघडला, तर सर्व्हर आधी प्रवेशाच्या पानाकडे पाठवतो. खूण तेथपर्यंत येते. परवलीचा शब्द भरून पुढे गेल्यावर मात्र ती बहुधा उरत नाही, कारण सर्व्हरने ‘परत कुठे जायचे’ म्हणून जे लक्षात ठेवले त्यात ती मुळी नव्हतीच. अशा वेळी आधी प्रवेश करावा आणि मग तोच दुवा पुन्हा उघडावा.

स्नेह्यांनी हरकत मुदतीत दाखल केली; शेवटच्या दिवशी दुपारी. त्यानंतर त्यांच्या गटावर दुवा टाकताना खाली तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि फाइलमधील पान साध्या अक्षरांत लिहू लागले आहेत. पाठवण्यापूर्वी गटातील एक मुलगी तो आपल्या मोबाईलवर उघडून पाहते आणि वरच्या पट्टीत हॅशपुढचे नाव शेवटपर्यंत राहिले की नाही, हे तपासते. नाव गेले असेल तर ती जुना दुवा टाकून देते आणि नव्या पत्त्यावरच्या पानातून तोच मथळा गाठून दुवा पुन्हा उतरवून घेते.